दुसऱ्यांदा छाती उघडायची वेळ येते तेव्हा

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची ढब शक्य तितकी तशीच ठेवली आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न दिले आहेत.)

आयोजकांनी मला सुचवलेला विषय होता ‘हृदयविकार आणि आपण’. त्यावर तुम्ही दरवर्षी एखादं तरी व्याख्यान ऐकताच, आणि ते डॉक्टरांनीच द्यावं. मी डॉक्टर नाही. मी एकतीस वर्षं पॉलिटेक्निकमध्ये मेकॅनिकल शिकवलं. माझी पात्रता एवढीच, की माझी छाती दोनदा उघडली गेली आहे. पहिल्यांदा २०११ मध्ये, मी ५२ वर्षांचा असताना, आणि दुसऱ्यांदा २०२३ मध्ये. म्हणून विषय जरा अरुंद करून घेतलाय. हृदयाचं ऑपरेशन एकदा झालेल्या माणसाला पुन्हा ऑपरेशन सांगितलं, तर त्यानं विचार कसा करायचा, आणि त्यात आधी त्या वाटेनं गेलेल्यांचा उपयोग काय, एवढंच आज बोलणार आहे.

सुरुवात यंत्रापासून करतो, सवय आहे. विहिरीवरच्या मोटरीला खाली फूट व्हॉल्व्ह असतो, तुमच्यापैकी शेतीवाल्यांना माहीत आहे. पाणी वर जाऊ द्यायचं, परत खाली येऊ द्यायचं नाही, एवढंच त्याचं काम. हृदयात असे चार व्हॉल्व्ह, म्हणजे झडपा. रोज साधारण एक लाख वेळा त्या उघडतात आणि मिटतात. झडप दोन प्रकारे बिघडते. नीट उघडत नाही, म्हणजे वाट अरुंद होते. किंवा नीट मिटत नाही, म्हणजे गळते. पहिल्यात पंपाला जोर जास्त लावावा लागतो, दुसऱ्यात तेच पाणी दोनदा उपसावं लागतं. दोन्हीकडून थकतो तो पंपच.

माझी महाधमनीची झडप जन्मतःच दोन पाकळ्यांची होती. तीन हव्यात. शंभरात एक-दोन माणसांना असं असतं, बहुतेकांना पन्नाशीपर्यंत पत्ताही लागत नाही. पण आपल्या देशात झडपेच्या ऑपरेशनची मोठी रांग वेगळ्या कारणानं आहे. लहानपणी घसा दुखून ताप येतो, सांधे सुजतात, मग ते बरं होतं आणि विसरलं जातं. संधिवाताचा ताप म्हणतात त्याला, रुमॅटिक फीव्हर. तो सांध्यांना चाटून जातो आणि हृदयाला चावतो, असं डॉक्टर लोक म्हणत आले आहेत. यातले पेशंट तरुण असतात, बायका जास्त असतात, आणि पहिलं ऑपरेशन विशी-तिशीतच झालेलं असतं. म्हणजे पुढे आयुष्य लांब, आणि दुसऱ्या ऑपरेशनची शक्यताही तेवढीच जास्त.

आता बदललेली झडप. हिचे दोन मुख्य प्रकार. एक धातूची, म्हणजे खरं तर कार्बनची. अमेरिकेत १९६० मध्ये आल्बर्ट स्टार हे सर्जन आणि लॉवेल एडवर्ड्स हे इंजिनियर, यांनी पिंजऱ्यात चेंडू बसवलेली झडप माणसाच्या हृदयात बसवली. एडवर्ड्स इंजिनियर होते हे मी विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगत असे. आपल्याकडे तिरुअनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली तिरपी होणाऱ्या चकतीची झडप तयार झाली, ती १९९० च्या डिसेंबरमध्ये पहिल्यांदा बसवली. परदेशी झडपेपेक्षा ती स्वस्त पडते, आणि आज ‘चित्रा व्हॉल्व्ह’ घेऊन जगणारी हजारो माणसं देशात आहेत.

दुसरा प्रकार टिश्यू व्हॉल्व्ह. डुकराच्या हृदयाची झडप, किंवा गाईगुरांच्या हृदयावरच्या आवरणापासून शिवलेली. रसायनात मुरवून घेतात, म्हणजे शरीर तिला परकी मानून फार खळखळ करत नाही. ऐकून काहींच्या कपाळावर आठी येते. येऊ द्या, पण ऑपरेशनच्या आधी येऊ द्या, आणि डॉक्टरांना तसं सांगा.

या दोन प्रकारांतला सौदा असा आहे. धातूची झडप झिजत नाही म्हटलं तरी चालेल, पण तिच्यावर रक्ताची गुठळी धरू शकते. म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर. वॉरफेरिन किंवा ॲसिट्रॉम. आणि रक्त किती पातळ झालंय ते बघायला आयएनआरची तपासणी, तीही जन्मभर. टिश्यू झडपेला बहुतेकांना जन्मभर ती गोळी लागत नाही, पण तिच्यात हळूहळू चुना साचतो. दहा-पंधरा वर्षांत ती ताठ होते किंवा फाटते. आणि इथे एक उलटा न्याय आहे. म्हाताऱ्या शरीरात ती जास्त टिकते, तरुण शरीरात लवकर खराब होते. म्हणजे जिला ती चाळीस वर्षं हवी आहे तिलाच ती कमी वर्षं मिळते.

मी २०११ मध्ये टिश्यू घेतली. बारा वर्षांनी जिना चढताना दम लागायला लागला. एकोच्या रिपोर्टमध्ये ‘मीन ग्रेडियंट’ नावाचा आकडा असतो. झडपेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबातला फरक. मूळ झडपेत तो ४० च्या वर गेला की आजार गंभीर धरतात. माझ्या नव्या झडपेचा तो आकडा दरवर्षी थोडा थोडा चढत चाळिशीला आला. माझ्यासारख्या माणसाला यात भीतीपेक्षा आधी आलेख दिसतो. भीती नंतर आली, घरी, रात्री.

दुसरं ऑपरेशन पहिल्यासारखंच असतं का? नाही. पहिल्या वेळी छातीचं मधलं हाड कापलं की खाली हृदय मोकळं असतं, पातळ आवरणात. ते बरं होताना सगळं एकमेकांना चिकटतं. हाडाच्या मागच्या बाजूला हृदयाचा उजवा कप्पा किंवा महाधमनी अक्षरशः डकवल्यासारखी बसलेली असू शकते. दुसऱ्यांदा करवत लावायची ती यांच्यावर. म्हणून आधी सीटी स्कॅन काढून हाड आणि हृदय यांच्यात किती अंतर आहे ते बघतात. अंतर फार कमी असेल तर काही सर्जन आधीच जांघेतल्या रक्तवाहिनीतून हार्ट-लंग मशीन जोडून ठेवतात, आणि मग हाडाला हात घालतात. चिकटलेलं सोडवण्यात वेळ जातो, रक्तस्राव जास्त होतो, रक्ताच्या बाटल्या जास्त लागतात. हे ऐकून घाबरायचं कारण नाही, पण ‘आधी एकदा झालंय, आता काय’ असं घरच्यांनी म्हणण्याचंही कारण नाही.

धोका किती, हा प्रश्न सगळे विचारतात आणि उत्तर ‘पाच टक्के’ वगैरे ऐकून परत येतात. तो आकडा हवेतून येत नाही. युरोस्कोर नावाचं एक गणित आहे. त्यात वय, मूत्रपिंडाचं काम, हृदयाची ताकद, ऑपरेशन ठरवून आहे की तातडीचं, आणि आधी हृदयाचं ऑपरेशन झालंय का, अशा गोष्टी घालतात. ‘माझा स्कोर किती आणि कशामुळे’ असं विचारा. आणि हे लक्षात ठेवा, की पाच टक्के म्हणजे तुमच्यासारख्या शंभरांतले पाच. तुम्ही स्वतः पाच टक्के मरत नाही. तुमच्यासाठी ते एक तर होतं किंवा होत नाही. मात्र त्या यादीतली एक गोष्ट आपल्या हातात असते, ती म्हणजे वेळ. ठरवून केलेलं ऑपरेशन आणि फुफ्फुसात पाणी भरल्यावर रात्री केलेलं ऑपरेशन यांच्या धोक्यात फार अंतर आहे. दिवाळी होऊ दे, मग पोरीचं लग्न होऊ दे, असं करत करत लोक पहिल्या गटातून दुसऱ्यात जातात.

आता माझ्यापुढचे पर्याय. पुन्हा ऑपरेशन करून धातूची झडप. पुन्हा ऑपरेशन करून टिश्यू. किंवा छाती न उघडता जांघेतून नळी घालून जुन्या झडपेच्या आतच नवी झडप उघडायची, ज्याला व्हॉल्व्ह-इन-व्हॉल्व्ह म्हणतात. फ्रान्समध्ये आलें क्रिबिए यांनी २००२ मध्ये पहिल्यांदा नळीवाटे महाधमनीची झडप बसवली, त्या तंत्राचं हे पुढचं पाऊल. आता गुजरातेत वापीला तयार होणारी अशी झडपही मिळते. चौथा पर्याय, काहीच न करता औषधांवर राहायचं. तोही पर्याय आहे, फार वय झालेल्या किंवा इतर आजारांनी खिळलेल्या माणसासाठी तो शहाणपणाचाही असू शकतो. माझ्यासाठी नव्हता.

साहजिकच मला तिसरा आवडला. कुणाला नाही आवडणार? दोन-तीन दिवसांत घरी. पण एक साधी भूमिती बघा. बादलीत बादली घातली की आतली बादली लहानच असणार. माझी २०११ ची झडप २१ मिलिमीटरची होती, म्हणजे आधीच लहान. तिच्यात दुसरी घातली की वाट आणखी अरुंद. म्हणजे ज्या ग्रेडियंटसाठी हे सगळं करायचं, तो पुरेसा उतरणारच नाही. काही जातींच्या झडपांची कडी फुग्याचा मोठा दाब देऊन मोडता येते आणि जागा करता येते, सगळ्यांची नाही. शिवाय नवी झडप उघडताना जुनीच्या पाकळ्या बाजूला ढकलल्या जातात. हृदयाला रक्त देणाऱ्या धमन्यांची तोंडं तिथेच असतात. ती झाकली गेली तर तिथेच हार्ट अटॅक. हेही सीटीमध्ये मोजतात, आणि माझ्यात ते अंतर कमी निघालं. ज्यांची पहिली झडप मोठी आहे, वय पंचाहत्तरीकडे आहे, त्यांच्यासाठी हाच पर्याय उत्तम ठरू शकतो. आणि पहिली झडप धातूची असेल तर तो पर्यायच नाही, तिच्या आत दुसरी बसत नाही. म्हणून पहिल्या ऑपरेशनच्या वेळी मिळालेलं झडपेचं कार्ड जपून ठेवा, कंपनी आणि माप त्यावर असतं. रेशनकार्डाच्या शेजारी ठेवा.

राहिले पहिले दोन. अमेरिकेतल्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना महाधमनीच्या झडपेबद्दल म्हणतात, पन्नाशीच्या आत शक्यतो धातूची, ६५ च्या पुढे शक्यतो टिश्यूची, मधल्यांनी डॉक्टरांबरोबर बसून ठरवावं. मी ६४ चा. म्हणजे बसून ठरवणाऱ्यांतला.

इथे सोबतीचा मुद्दा येतो.

ही कल्पना नवी नाही. बॉस्टनमध्ये ड्वाइट हार्केन नावाचे सर्जन होते. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांच्या हृदयातले गोळ्यांचे तुकडे त्यांनी काढले होते. १९५१ मध्ये त्यांच्या काही पेशंटांनी एकत्र येऊन ‘मेंडेड हार्ट्स’ नावाचा गट काढला. ऑपरेशन झालेल्यानं ऑपरेशन होणाऱ्याच्या खाटेपाशी जाऊन बसायचं, एवढंच. हार्ट-लंग मशीनसुद्धा अजून वापरात आलं नव्हतं तेव्हाची ही गोष्ट. तो गट आजही आहे.

आमचा गट कुणी काढला नाही, तो रांगेत झाला. आयएनआरसाठी सकाळी आठला लॅबमध्ये तीच ती माणसं भेटायची. माझी पत्नी दुसऱ्या एका आजारासाठी ॲसिट्रॉमवर होती, तिला घेऊन मी जायचो. तिथे एक शिक्षिका होत्या, वयाच्या चोविसाव्या वर्षी धातूची झडप बसलेल्या. आम्ही तिघे-चौघे चहाला थांबायला लागलो, मग दहा झालो, मग महिन्यातून एक रविवार एका शाळेचा वर्ग मिळाला.

मी बाईंना विचारलं, “ताई, आवाज येतो का हो?”

त्या म्हणाल्या, “सर, पहिलं वर्ष रात्री उशीत टिकटिक ऐकू यायची. आता ऐकू आली नाही तर दचकेन. पण तुम्ही आवाजाचं विचारू नका. तुम्ही गोळी चुकवता का ते सांगा. बीपीची?”

मी बायकोकडे बघितलं. ती म्हणाली, “आठवड्यातून दोनदा.”

डॉक्टरांनी मला गोळीबद्दल सांगितलं होतंच. पण ‘तू कसा माणूस आहेस’ हा प्रश्न वीस वर्षं ती गोळी घेतलेल्या बाईनं विचारला. हा फरक आहे. डॉक्टर झडप ओळखतो, रांगेतला माणूस तिच्यासोबतचे दिवस ओळखतो. ऊसतोडीवर जाणारे एक गृहस्थ गटात होते. कोयता लागला तर रक्त थांबत नाही, आणि तपासणीचं गाव चाळीस किलोमीटरवर. त्यांना धातूची झडप म्हणजे काय हे मार्गदर्शक सूचनांत लिहिलेलं नाही.

अशाच गप्पांतून छोट्या गोष्टी कळल्या. खोकताना छातीशी उशी घट्ट धरायची. ऑपरेशननंतर दोन-तीन रात्री आयसीयूमध्ये भलतंसलतं दिसू शकतं, ते वेड नाही. महिनाभरानं उगाच रडू येतं, पुरुषांनाही येतं, आणि टिकून राहिलं तर डॉक्टरांना सांगायचं. ऑपरेशनच्या आधी दात दाखवून घ्यायचे, कारण किडलेल्या दातातले जंतू रक्तातून नव्या झडपेवर जाऊन बसतात. नंतरही दात काढायचा असेल तर आधी अँटिबायोटिक लागतं, दातांच्या डॉक्टरला झडपेचं सांगितल्याशिवाय खुर्चीत बसायचं नाही.

पण गटाच्या मर्यादा स्पष्ट सांगतो, कारण त्या सांगितल्या जात नाहीत. पहिली ही, की गटात येतात ते वाचलेले. जे टेबलावर गेले ते रविवारी येत नाहीत. म्हणून गटात बसलं की सगळंच सोपं वाटतं. आमच्याकडे एक अपवाद झाला. गटातल्या एकांचं दुसरं ऑपरेशन नीट झालं नाही, अकराव्या दिवशी ते गेले. तीन महिन्यांनी त्यांची बायको आली. कुणाला काय बोलावं कळेना. एकजण म्हणाले, थांबायला हवं होतं त्यांनी. तेव्हा ती बाई म्हणाली, “थांबले असते तर किती दिवस, हे डॉक्टरांनी आम्हा दोघांना सांगितलं होतं. त्यांनी ऐकून ठरवलं. ते गेले म्हणून त्यांचं ठरवणं चुकलं असं इथे कुणी म्हणू नका.” त्या अजूनही येतात. नव्या माणसाला सगळ्यात आधी त्यांच्याशी बोलायला मी सांगतो.

दुसरी मर्यादा औषधांची. एकदा एकानं सांगितलं, आता नव्या गोळ्या आल्यात, तपासणीची कटकट नाही, ॲसिट्रॉम सोडा. नव्या गोळ्या आहेत हे खरं, इतर आजारांत त्या चालतात. पण धातूच्या झडपेवर डॅबिगॅट्रान वापरून बघितली तेव्हा गुठळ्याही जास्त झाल्या आणि रक्तस्रावही, तो प्रयोग मध्येच थांबवावा लागला. पुढे अपिक्सॅबानचा प्रयोगही २०२२ मध्ये असाच थांबला. म्हणून आमच्या गटात नियम आहे, अनुभव सांगायचा, डोस सांगायचा नाही.

मी शेवटी काय केलं? गटातल्याच एकाच्या सांगण्यावरून दुसऱ्या सर्जनचं मत घेतलं. पहिल्यांना राग येईल ही भीती होती. त्यांनी स्वतःच सीटीची सीडी काढून दिली. दोघांचं म्हणणं जुळलं. पुन्हा ऑपरेशन, टिश्यू झडप, पण बसवायच्या आधी महाधमनीचं मूळ पट्टी लावून रुंद करायचं, म्हणजे मोठ्या मापाची झडप बसेल. पुढे पंच्याहत्तरी-ऐंशीत ती खराब झाली तर तिच्या आत नळीनं दुसरी बसवायला जागा राहील. म्हणजे तिसऱ्याचा विचार दुसऱ्यातच. ऑपरेशन सहा तासांच्या वर चाललं, सात बाटल्या रक्त लागलं. आता माझा ग्रेडियंट अकरा आहे.

प्रश्न : रक्त पातळ होण्याच्या गोळीवर पालेभाजी बंद करायची ना?

उत्तर : बंद नाही. पालेभाजीत के जीवनसत्त्व असतं आणि गोळी त्याच्याच विरुद्ध काम करते, हे खरं. पण रोज थोडी खाल्ली तर डोस त्या हिशेबानं ठरतो. महिनाभर बंद आणि मग श्रावणात रोज मेथी-पालक, असं केलं की आयएनआर हलतो. खाणं एकसारखं ठेवा. आणि काढे, चूर्णं, दुखण्याच्या गोळ्या विचारल्याशिवाय नकोत.

प्रश्न : माझ्या वडिलांची बायपास झाली होती. तीही दुसऱ्यांदा करतात का?

उत्तर : करतात, पण आता कमी. पायाची शीर लावलेली असेल तर ती दहा वर्षांत बऱ्याच जणांची बंद पडते, छातीतली धमनी लावलेली असेल तर ती खूप टिकते. बंद पडलं तर बहुतेकदा आधी स्टेंट होतो का ते बघतात. पुन्हा छाती उघडायची तर ती चालू असलेली छातीतली धमनी हाडाखालीच असते, तिला धक्का लागू नये ही सर्जनची मोठी काळजी.

प्रश्न : खर्चाचं काय?

उत्तर : महात्मा ज्योतिराव फुले योजनेत झडपेची ऑपरेशनं आहेत. तुमचं नेमकं कुठलं बसतं ते योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र असतात त्यांना विचारा, भरती व्हायच्या आधी. नळीवाटे बसवायची झडप मात्र फार महाग आहे, कित्येकांचा निर्णय तिथेच होतो. हे मला बरोबर वाटत नाही, पण आहे ते असं आहे.

प्रश्न : माझ्या मुलीची झडप लहानपणी फुग्यानं उघडली होती. आता बदलायला सांगतायत. ती सव्वीसची आहे, लग्न झालंय, मूल हवंय.

उत्तर : हा यातला सगळ्यात अवघड प्रश्न आहे. धातूची घेतली तर वॉरफेरिन, आणि गरोदरपणाच्या पहिल्या महिन्यांत ती गोळी बाळाला अपाय करू शकते. बंद करावी तर झडपेवर गुठळीचा धोका, म्हणजे आईच्या जिवाला. टिश्यू घेतली तर मूल होणं सोपं, पण चाळिशीच्या आत दुसरं ऑपरेशन जवळजवळ ठरलेलं, हे माहीत असून घ्यायची. काहींची झडप न बदलता दुरुस्तही होते, तेही विचारा. दिवस राहायच्या आधी हृदयाचे डॉक्टर आणि बाळंतपणाच्या डॉक्टर या दोघांना एकत्र विचारायला हवं, वेगवेगळं नाही. आणि मुलीला घेऊन जा, तिच्या वतीनं तुम्ही ठरवू नका. आमच्या गटात दोघीजणी आहेत, एकीनं धातूची घेतली, एकीनं टिश्यू, दोघींना मुलं आहेत. त्यातल्या एक ताई आज इथे मागे बसल्या आहेत. कार्यक्रम संपला की थांबा, तुमची गाठ घालून देतो.